परदेशी टेक कंपन्यांवर बंदी आणि खुला बाजार, दोन्ही एकत्र पटतं का तुम्हाला?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. मी खुल्या बाजाराच्या बाजूचा माणूस आहे, घरात शेतकरी संघटनेचं वातावरण, शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली तेव्हा आमच्या ओसरीवर रात्र रात्र वाद चालायचे हे मला आठवतं. सरकारने बाजारात हात घालू नये, हे मी अजूनही मानतो.

पण मग २९ जून २०२० ची बंदी. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि दोन आठवड्यांत सरकारने टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद केली, सप्टेंबरमध्ये पबजी धरून आणखी ११८, नोव्हेंबरमध्ये ४३. त्या वेळी बंदीविरुद्ध बोलायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं आणि ते समजण्यासारखं आहे. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. आता इतकी वर्षं झाली, अमेरिकेने मोबाईल यंत्रणा बनवणाऱ्या चीनच्या हुआवे कंपनीवर निर्बंध घातले, मग टिकटॉकवर कायदा केला, ब्रिटनने हुआवेचं सामान २०२७ च्या अखेरपर्यंत ५जी मधून उपटून काढायला सांगितलंय, आणि चीनने तर २००९ पासूनच फेसबुक आणि ट्विटर बंद ठेवलंय. म्हणजे सगळेच दार लावून बसलेत आणि सगळेच म्हणतात की आम्ही बाजाराच्या विरोधात नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

सुरक्षेचा प्रश्न खरा असतोच कधी कधी, ते मी नाकारत नाही. पण तो खरा आहे की नुसता पुढे केलेला आहे हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? आणि खुला बाजार मानणाऱ्याने कुठपर्यंत सरकारचं ऐकायचं? राजकीय पक्षांची भांडणं इथे नकोत, कृपा करून मुद्द्यावर बोला.

वैनतेय:

साहेब, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, चीनने आधी दार लावलं. गुगलने २०१० मध्ये सेन्सॉरशिपला कंटाळून तिथला सर्च गुंडाळला. त्यांच्या कंपन्यांनी आपल्याकडे येऊन पेटीएम, झोमॅटो, ओला, बायजूज सगळीकडे पैसा घालायचा आणि आपल्या कंपनीला तिकडे साधं ॲप चालवता येऊ नये, याला खुला बाजार म्हणत नाहीत. वर २०१७ चा त्यांचा गुप्तवार्ता कायदा आहे, त्याच्या सातव्या कलमात लिहिलंय की प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारच्या गुप्तवार्ता कामाला सहकार्य केलं पाहिजे. म्हणजे कंपनी मनाने कितीही चांगली असो, मागितलं की द्यावंच लागणार.

आणि खुल्या बाजाराचा आद्यपुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या ॲडम स्मिथनेसुद्धा १७७६ मध्ये इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांची बाजू घेतली होती. परदेशी, मुख्यतः डच, जहाजांना अडवणारे कायदे होते ते. स्मिथ म्हणतो की यातून व्यापाराचं नुकसान होतं, तरी संपत्तीपेक्षा संरक्षण मोठं. तेव्हा अपवाद हा त्या विचारातच आहे, आपण नवीन काही शोधून काढलेलं नाही.

न्यूजर्सीकर:

वैनतेय, स्मिथबद्दल सहमत. पण इथलं टिकटॉकचं प्रकरण मी जवळून पाहिलंय, त्यातला एक फरक सांगावासा वाटतो.

कायदा झाला २४ एप्रिल २०२४ ला. दोन्ही पक्षांनी मत दिलं. टिकटॉकची चिनी मालक कंपनी बाइटडान्स, तिने ते विकावं नाहीतर १९ जानेवारी २०२५ पासून ॲप बंद, अशी मुदत. कंपनी कोर्टात गेली, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, सुनावणी झाली, १७ जानेवारीला एकमताने निकाल आला की कायदा टिकतो. निकाल कुणालाही वाचता येतो, त्यात नीट लिहिलंय की १७ कोटी अमेरिकन लोकांची माहिती आणि शत्रुदेशाच्या ताब्यातली मालकी हा मुद्दा ग्राह्य आहे. पटो न पटो, कारण कागदावर आहे.

मात्र त्याच्या पुढचं जे झालं ते मला अजिबात आवडलं नाही. २० जानेवारीला नवीन अध्यक्ष आले आणि त्यांनी सहीने ७५ दिवस पुढे ढकललं, मग परत, मग परत, असं वर्षभर चाललं. कायदा संसदेचा, कोर्टाने उचलून धरलेला, आणि अंमल मात्र एका माणसाच्या मर्जीवर. शेवटी ओरॅकल या अमेरिकन कंपनीची आणि इतरांची भागीदारी आली आणि बाइटडान्सचा वाटा २० टक्क्यांखाली गेला. आता यात सुरक्षा किती आणि कुणाला धंदा मिळाला किती हे कसं वेगळं काढणार? बंदीचा अधिकार सरकारच्या हातात आला की त्याचा सौदा करता येतो, माझा खरा आक्षेप इथे आहे.

आणखी एक, चीननेही ऑगस्ट २०२० मध्ये कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या शिफारशीच्या अल्गोरिदमना निर्यात नियंत्रणाच्या यादीत टाकलं होतं. म्हणजे विकायचं म्हटलं तरी बीजिंगची परवानगी लागणार. कंपनी दोन्हीकडून धरलेली.

इंद्रायणीकाठ:

ॲपचं सगळे बोलतात, आमच्या तळेगावचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

तळेगावला जनरल मोटर्सचा प्लांट होता. कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तो घ्यायचं ठरवलं. १५ जून २०२०, मॅग्नेटिक महाराष्ट्र या गुंतवणुकीच्या कार्यक्रमात राज्य सरकारबरोबर ३,७७० कोटींचा करार झाला. तारीख बघा, त्याच रात्री गलवान झालं. आठवडाभरात त्या कार्यक्रमातले चिनी कंपन्यांचे तिन्ही करार, मिळून ५,०२० कोटींचे, जैसे थे ठेवल्याचं जाहीर झालं.

आता नीट लक्ष द्या. केंद्राची प्रेस नोट ३ ही १७ एप्रिल २०२० चीच होती, म्हणजे गलवानच्या दोन महिने आधीची. ज्या देशांशी आपली जमिनीची सीमा लागते तिथला पैसा यायचा तर आधी सरकारची मंजुरी. ठीक आहे, नियम आहे. पण मग त्या नियमाखाली अर्ज गेला की हो किंवा नाही म्हणा ना. कुणी नाही म्हटलंच नाही हो. फाईल नुसती पडून राहिली. डिसेंबर २०२० मध्ये प्लांटमधलं उत्पादन थांबलं, हजाराच्या वर कामगारांना ले-ऑफ, युनियन कोर्टात, आणि नवीन मालक येणार की नाही हे कुणाला माहीत नाही. ३० जून २०२२ ला व्यवहाराची मुदत संपली आणि ग्रेट वॉलने गाशा गुंडाळला. मग ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार करून प्लांट घेतला आणि गाडी बाहेर पडायला २०२५ उजाडलं.

या मधल्या काळात सोमाटणे फाट्याच्या पुढे संध्याकाळच्या शिफ्टच्या बसेस थांबायच्या तिथले वडापाव, चहाचे गाडे एकेक करून उठले, खोल्या रिकाम्या पडल्या, पोरांनी चाकणला काँट्रॅक्टवर मिळेल ते काम धरलं. कार कारखान्यापासून देशाला धोका आहे असं सरकारला वाटत असेल तर पहिल्या महिन्यात तसं सांगून टाकायचं, म्हणजे दुसरा गिऱ्हाईक दोन वर्षं आधी आला असता. बंदी परवडली, हे लटकवून ठेवणं नको. खुल्या बाजारवाल्यांनी याच्यावर जास्त बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठची:

मी बीड जिल्ह्यातली. टिकटॉकबद्दल शहरातले लोक नाक मुरडायचे, पण आमच्याकडे त्याने जे केलं ते आधी कशानेच केलं नव्हतं. माझी चुलत वहिनी चुलीपुढे बसून जात्यावरच्या ओव्या म्हणायची, बाजूला भाकरी थापणं चालू, पाठीमागे शेण सारवलेली भिंत, काही सजवणं नाही. तिला पुण्या-मुंबईचे, अगदी दुबईतले लोक ऐकायचे. इंग्रजीचं अक्षर यावं लागत नव्हतं, मित्रमैत्रिणींची यादी लागत नव्हती. ॲप बंद झालं आणि सगळं गेलं, व्हिडिओ उतरवून घ्यायचं सुचायच्या आत. देशातल्या २० कोटींच्या आसपास लोकांचं असं झालं.

मला टिकटॉक परत पाहिजे असं म्हणत नाहीये मी. देशापुढे ते काही नाही, वहिनीसुद्धा हेच म्हणते. पण तेव्हा काय सांगितलं होतं, की आता आपली ॲप येतील. पुढे आली की, चिंगारी, मित्रों, रोपोसो, मोज, टकाटक. वहिनीने दोन-तीन वापरूनही पाहिली. पण बंदीच्या नवव्या दिवशी इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणलं, आणि सगळी जत्रा तिकडे गेली. टकाटक २०२२ मध्ये मोजमध्ये मिसळलं. ट्विटरला पर्याय म्हणून गाजलेलं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. म्हणजे चिनी कंपनीची जागा दोन अमेरिकन कंपन्यांनी घेतली, आणि आता त्या दोघींच्या तोडीचा तिसरा कुणी नाही. बाजारात एक विक्रेता कमी झाला हे खुल्या बाजाराच्या हिशोबात कुठे धरायचं?

आणि माहितीच्या सुरक्षेचं म्हणाल तर डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने केला ऑगस्ट २०२३ मध्ये आणि त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. बंदी २०२० ची. मधली पाच वर्षं वहिनीचा फोन नंबर, चेहरा, आवाज, गाव हे सगळं कुठल्या कायद्याखाली होतं? माहिती चीनला जाऊ नये हे एकदम मान्य, पण ती इतर कुणीही कशीही वापरावी असंही नको ना. आधी कायदा पाहिजे होता, सगळ्यांना लागू होणारा, मग जो पाळणार नाही त्याला हाकला. तो चिनी असो की कुणीही.

कॅमेरावाला_सातारा:

ताई, तुम्ही शेवटी जे म्हणालात तेच आमच्या धंद्यात प्रत्यक्ष झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सीसीटीव्हीचं काम करतो. सोसायट्या, पतसंस्था, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं. रेकॉर्डर लावला की स्टिकरवरचा क्यूआर मोबाईलने स्कॅन करायचा, लगेच घरबसल्या चित्र दिसतं, गिऱ्हाईक खूश. पण हे होतं कसं, तर रेकॉर्डर स्वतःहून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जाऊन जोडला जातो आणि तुमचा मोबाईल त्या सर्व्हरमार्फत रेकॉर्डर शोधतो. तो सर्व्हर कुठल्या देशात, तिथे कोण बसलंय, हे ना मला माहीत ना पतसंस्थेच्या चेअरमनला. अपडेट आला तर तो कुणी पाठवला हेही तपासायची सोय स्वस्त मालात नसते. वर पासवर्ड डब्यातून आला तोच ठेवलेला. तिजोरीच्या खोलीतला कॅमेरा आहे हो तो.

अमेरिकेने काय केलं, हिकव्हिजन, दाहुआ अशी चिनी कॅमेरा कंपन्यांची नावं घेऊन २०१९ मध्ये काळ्या यादीत टाकली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या नवीन मालाला परवानगी देणंच थांबवलं. आपण वेगळं केलं. २०२४ मध्ये अधिसूचना काढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून नेटवर्कला जोडणारा कुठलाही कॅमेरा विकायचा तर त्या मॉडेलची सरकारमान्य लॅबमध्ये तपासणी. आत दुरुस्तीसाठीचं डीबग पोर्ट उघडं ठेवलंय का, चित्र एन्क्रिप्ट म्हणजे सांकेतिक होऊन जातं का, फर्मवेअरवर म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का, चोरून शिरायला मागचं दार आहे का, मुख्य चिप कुठून आली. कोरियन असो, अमेरिकन असो, चिनी असो नाहीतर देशी, परीक्षा एकच.

नावाने बंदी घातली असती तर काय झालं असतं ते आमच्या लाईनमधल्या कुणालाही विचारा. डब्यावर देशी नाव, मराठीत स्टिकर, आणि उघडून बघावं तर बोर्ड, चिप, सॉफ्टवेअर सगळं तिकडचं, फक्त वरचं टोपण इकडचं. नावाच्या बंदीतून असला माल आरामात सुटतो. तपासणीतून सुटत नाही, निदान सुटणं अवघड जातं.

त्रास झाला का? भरपूर झाला. लॅबमध्ये रांगा लागल्या, कित्येक मॉडेलं महिनोन् महिने अडकली, दर चढले, छोट्या ब्रँडवाल्यांना चाचणीचा खर्च झेपला नाही. घेतलेली कामं मला जुन्या दरात पुरी करावी लागली. तरी मी या नियमाच्या बाजूने आहे, कारण नापास झालं तर का झालं ते कळतं आणि दुरुस्त करून परत जाता येतं. बंदीत ते नाही. मला वाटतं कृष्णाकाठ साहेबांच्या "ओळखायचं कसं" या प्रश्नाचं एक उत्तर हे आहे की सरकार वस्तू तपासतंय की पासपोर्ट तपासतंय ते बघा.

पंचकार्ड:

मी ७० च्या पुढचा आहे, मुंबईत बँकेच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागात आयुष्य गेलं, म्हणून थोडं मागचं सांगतो. परदेशी टेक कंपनी देशाबाहेर जाणं आपल्याला नवीन नाही.

१९७३ चा फेरा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, परदेशी मालकी साधारण ४० टक्क्यांवर आणा. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री. कोकाकोला १९७७ मध्ये गेली ते सगळ्यांना आठवतं, पण १९७८ मध्ये संगणकवाली अमेरिकन आयबीएम गेली ते आमच्यासारख्यांच्याच लक्षात आहे. एक मान्य केलं पाहिजे की नियम सगळ्यांना होता, कोलगेटसारख्या कंपन्यांनी वाटा कमी केला आणि राहिल्या. आयबीएमला ते नको होतं. आणि आयबीएमबद्दलचा रागही अगदीच खोटा नव्हता, बाहेर कालबाह्य झालेली १४०१ यंत्रं डागडुजी करून आपल्याला भाड्याने दिली जात होती.

ती गेल्यावर यंत्रं सांभाळायची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली आणि तिथल्या इंजिनिअर मंडळींनी अक्षरशः सगळ्या बनावटीची यंत्रं हाताळली. त्यातून तयार झालेली माणसं पुढे देशभर पसरली, याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्याच काळात संगणक आयात करायचा तर दिल्लीला परवान्यासाठी हेलपाटे, जबर आयात शुल्क, आणि ज्या कारखानदाराला, ज्या बँकेला त्या यंत्राची गरज होती ती वर्षानुवर्षं खतावण्या हाताने लिहीत बसली. संगणक बनवणाऱ्यांचा फायदा-तोटा नेहमी मोजला जातो, वापरणाऱ्यांचा कुणी मोजत नाही. १९९२ मध्ये आयबीएम टाटांच्या सोबतीने परत आली.

हेच आज बीएसएनएलच्या ४जी मध्ये दिसतं. २०२० मध्ये चिनी सामान नको म्हणून टेंडर रद्द झालं, मग सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून देशी यंत्रणा उभी केली आणि ती देशभर जाहीर झाली २७ सप्टेंबर २०२५ ला. मला या कामाचा मनापासून अभिमान वाटतो, अशी यंत्रणा स्वतः बनवणारे देश फार थोडे आहेत. आणि तरीही गडचिरोलीत किंवा आमच्या राजापूरच्या बाजूला जिथे दुसऱ्या कंपनीची रेंजच नाही तिथल्या माणसाने पाच वर्षं जास्त वाट पाहिली, ही त्याची किंमत आहे. ती किंमत द्यायची असेल तर द्या, पण कुणी दिली ते सांगा. अमेरिकेने ग्रामीण भागातल्या छोट्या टेलिफोन कंपन्यांना हुआवेचं सामान काढायला आधी १.९ अब्ज डॉलर ठेवले, कमी पडले तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ३ अब्जांच्या वर मंजूर केले. सरकारच्या निर्णयाने नुकसान झालं तर सरकारने भरलं. आपल्याकडे टिकटॉकवर पोट असणाऱ्याला कुणी काय दिलं?

निफाडकर:

एवढंच सांगतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी झाली, ४ मे २०२४ ला उठली तीही ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. कांद्यात कुठलं देशाचं गुपित होतं? लासलगावला लिलाव बंद पाडून आम्ही ओरडत होतो तेव्हा खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते फार कमी दिसले. मोठ्या कंपन्यांसाठी तत्त्व आठवतं तसं आमच्यासाठीही आठवा. विषय सोडून वाटलं तर माफ करा, पण मला हा एकच विषय वाटतो.

कृष्णाकाठ:

निफाडकर भाऊ, विषय अजिबात सुटलेला नाही, आमच्या घरात हेच बोलणं चालतं.

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं आता जास्त नेमकं झालंय. माझा विरोध ॲप बंद करण्याला तितका नाही, ज्याखाली ही बंदी घालतात ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९अ कलम ज्या पद्धतीने वापरलं जातं त्याला आहे. सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणं कायद्यात आहेतच आणि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलंय. पण त्याखालच्या २००९ च्या नियमांमधला १६ वा नियम म्हणतो सगळं गोपनीय. फेरतपासणीची समिती दोन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे असं लिहिलंय, पण त्या समितीत कोण, तर कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. बंदी घालणारं सरकार, आणि ती बरोबर होती का हे बघणारेही सरकारचेच. तिथे एक निवृत्त न्यायाधीश बसवा, कंपनीला तिच्याविरुद्धचं कारण निदान बंद खोलीत तरी सांगा, आणि दर वर्षी प्रत्येक बंदीकडे परत बघून ती अजून का पाहिजे हे दोन ओळींत छापा. कॅमेरावाले दादा म्हणतात तशी जिथे वस्तू तपासता येते तिथे तपासणीच करा, बंदी नको. वैनतेय, यात देशाच्या सुरक्षेचं काय बिघडतं ते सांगा.

वैनतेय:

न्यायाधीश बसवायला माझी हरकत नाही, खरंच नाही. वर्षाच्या फेरतपासणीलाही नाही. पण दोन गोष्टींवर मी अडून बसणार. तातडीची बंदी आधी आणि सुनावणी नंतर, हे राहिलंच पाहिजे, आताच्या नियमात ४८ तासांत प्रकरण समितीपुढे न्यायचं आहे तसंच ठेवा, गलवानसारख्या वेळी नोटीस आणि तारखा खेळत बसता येत नाही. आणि दुसरं, कॅमेरा लॅबमध्ये उघडून बघता येतो, पण कोट्यवधी लोकांना उद्या काय दाखवायचं हे ठरवणारा अल्गोरिदम आज लॅबमध्ये पास झाला तरी उद्या सकाळी बदलता येतो. तिथे मालक कोण, हे विचारावंच लागेल. तळेगावच्या प्लांटचं मात्र मी मान्य करतो, गाड्यांच्या कारखान्याची फाईल दोन वर्षं अडवायला काहीच कारण नव्हतं.